भातसाचं पाणी आणि पीएचडीचा प्रस्ताव

मुंबईला पिण्याचं पाणी पुरवणाऱ्या सात जलाशयांची उपयुक्त साठवण एकूण १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर भरते. त्यातले ७ लाख १७ हजार एकट्या भातसाचे. भातसा धरण शहापूर तालुक्यात आहे. १८९२ साली बांधून झालेलं तानसाही इथलंच. पावसाळ्यात या भागावर अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, आणि तरीही होळी सरली की शहापूरच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहणं सुरू होतं. हे पाहत वाढलेल्या मुलीने पीएचडी करायचं ठरवलं, तर तिच्या मनात पहिला विषय कोणता येईल हे वेगळं सांगायला नको.

समजा, अशी एक मुलगी आहे. गाव डोळखांबच्या पुढचं. समाजशास्त्रात एम.ए. झालेली. पीएचडी प्रवेशाची 'पेट' परीक्षा पास झाली, मुलाखत झाली, गाईड मिळाले, कोर्सवर्कही आटोपलं. आता तिला संशोधनाचा प्रस्ताव, म्हणजे विद्यापीठाच्या बोलीत 'सिनॉप्सिस', समितीपुढे मांडायचा आहे. तिने शीर्षक ठेवलंय : 'शहापूर तालुक्यातील पाणीटंचाई : एक अभ्यास'. ही मुलगी काल्पनिक आहे. तिला जे प्रश्न विचारले जाणार आहेत ते मात्र कोणत्याही चांगल्या समितीत विचारले जातील असेच आहेत, आणि हे प्रकरण त्या प्रश्नांच्या मागोमाग जाणार आहे.

पीएचडीचे विद्यार्थी प्रस्ताव मांडण्याच्या या दिवसाला फार घाबरतात. तीन-चार प्राध्यापक समोर, हातात आपले वीस पानी टंकलिखित कागद, आणि पंधरा-वीस मिनिटांत सगळं सांगायचं. घाबरण्याचं खरं कारण मला वाटतं एकच असतं. आपण आपल्या उत्तराचा बचाव करायला चाललो आहोत, असा विद्यार्थ्याचा समज असतो. उत्तर तर अजून त्याच्याजवळ नसतंच. त्या खोलीत बचाव करायचा असतो तो प्रश्नाचा. हा प्रश्न विचारण्याजोगा आहे का, तो माझ्या आवाक्यातला आहे का, त्याचं उत्तर माझ्या अपेक्षेच्या उलट आलं तर ते मला ओळखता येईल का, एवढंच तिथे पटवून द्यायचं असतं.

आधी नियम थोडक्यात पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाचे पीएचडीविषयीचे सध्याचे विनियम नोव्हेंबर २०२२चे आहेत. त्यानुसार कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचं असतं आणि त्यात संशोधन व प्रकाशनाची नीतिमत्ता हा भाग सक्तीचा आहे. प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक संशोधन सल्लागार समिती असते. तिला सगळे 'आरएसी' म्हणतात. प्रस्ताव तपासणं, विषय निश्चित करणं, अभ्यासाचा आराखडा आणि पद्धती ठरवायला मदत करणं ही या समितीची नेमून दिलेली कामं आहेत. महाराष्ट्रातल्या अनेक विद्यापीठांत प्रस्ताव पुढे 'आरआरसी'कडे, म्हणजे संशोधन व मान्यता समितीकडेही जातो. पीएचडीला किमान तीन वर्षं लागतात, कमाल मुदत सहा वर्षांची. मुदत इथे मुद्दाम सांगतो आहे, कारण पाण्याचा अभ्यास करणाऱ्याला तीन वर्षं म्हणजे जेमतेम तीन उन्हाळे मिळतात. त्यातला पहिला बहुतेकदा कोर्सवर्कमध्येच जातो.

आता तिच्या शीर्षकाकडे वळू. 'एक अभ्यास' या दोन शब्दांवर समिती थांबणारच. अभ्यास कशाचा? टंचाई पिण्याच्या पाण्याची की वापराच्या, की भाताच्या खाचरात दुसरं पीक घेण्यासाठी लागणाऱ्या पाण्याची? आणि टंचाई मोजायची कशी? बहुतेक प्रस्तावांत याचं उत्तर तयार असतं : टँकरची संख्या. तहसील कार्यालयात आकडे मिळतात, वर्षवार तक्ता होतो, आलेख चढताना दिसतो. पण टँकर पाड्यावर येतो कसा, हे एकदा नीट पाहायला हवं. ग्रामपंचायतीचा ठराव होतो, पंचायत समितीमार्फत मागणी जाते, अधिकाऱ्यांची पाहणी होते, मंजुरी मिळते आणि मग गाडी निघते. ज्या पाड्याचा सदस्य ग्रामपंचायतीत बोलका आहे तिथे ठराव लवकर होतो. ज्या पाड्याला टँकर जाईल एवढा रस्ताच नाही, तिथे टँकरची नोंदच होत नाही. तिथल्या बाया डोक्यावर हंडे घेऊन दरी उतरतात. म्हणजे टँकरच्या आकड्यातून मागणी आणि मंजुरी कळते, तहान कळेलच असं नाही. हे आपल्या प्रस्तावात विद्यार्थिनीने स्वतःहून लिहिलं असेल, तर समितीचा सूर पहिल्या पाच मिनिटांतच बदलतो.

मग येतो गावाचा प्रश्न. जनगणना महसुली गावानुसार होते. शहापूर-मुरबाडमध्ये एका महसुली गावात गावठाण असतं आणि भोवती डोंगरउतारावर विखुरलेले चार, सहा, कधी दहा पाडे. गावाला नळयोजना 'आहे' असं कागदावर दिसतं तेव्हा ती बहुतेकदा गावठाणात असते. कातकरी वाडी पुष्कळदा दुसऱ्याच्या जमिनीवर वसलेली, आणि सरकारी तक्त्यांत तिचं वेगळं नाव सापडेलच याची खात्री नाही. तेव्हा 'नमुना म्हणून वीस गावं निवडली आहेत' हे वाक्य समितीपुढे टिकत नाही. वीस गावं म्हणजे किती पाडे? ते निवडले कोणी, आणि कोणत्या यादीतून? पाड्यांची यादी तयार करणं हेच या संशोधनाचं पहिलं काम आहे आणि त्याला वेळापत्रकात दोन-तीन महिने द्यावे लागतील, हे प्रस्तावात दिसायला हवं.

जिल्ह्याचे आकडे वापरणाऱ्यांसाठी आणखी एक सापळा आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा जिल्हा झाला. त्याआधीच्या ठाणे जिल्ह्यात १५ तालुके होते, आता ७ आहेत. २०११च्या जनगणनेतली 'ठाणे जिल्ह्यातील आदिवासी लोकसंख्या' आणि आजचा ठाणे जिल्हा यांची तुलना केली, तर जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरी वजा झाल्यामुळे आदिवासी एकदम 'कमी झालेले' दिसतील. तालुक्याच्या पातळीवर उतरलं की हा घोटाळा टळतो. समितीतला एखादा जुना प्राध्यापक हा प्रश्न नक्की काढतो, आणि विद्यार्थी खरंच आकड्यांपर्यंत गेला आहे की नुसता उताऱ्यांवर थांबला आहे हे त्यातून त्याला कळतं.

आणि मग गृहीतक. आपल्या मुलीने लिहिलंय : 'मुंबईसाठी पाणी वळवल्यामुळे शहापूर तालुक्यात टंचाई निर्माण झाली आहे.' तालुक्यात कोणालाही विचारा, हेच ऐकायला मिळेल. त्यामागचा राग खरा आहे. जमिनी इथल्या गेल्या, गावं इथली उठली आणि जलवाहिनी दाराशेजारून शहराकडे गेली. शेजारच्या मुरबाडमध्ये एमआयडीसीच्या बारवी धरणाची कथा अशीच आहे. काळू नदीवरच्या धरणाचं काम सुरू झालं तेव्हा गावं विरोधात उभी राहिली आणि २०१२मध्ये उच्च न्यायालयाने ते थांबवलं. या अनुभवातून आलेलं वाक्य खोटं आहे असं कोणी म्हणणार नाही. पण रागातून आलेलं वाक्य आणि तपासून पाहता येईल असं गृहीतक यांत अंतर आहे, आणि समिती नेमकं त्यावरच बोट ठेवते.

"मुंबईने एक थेंब उचलला नाही असं समजू. तुमच्या पाड्याला पाणी मिळेल?"

"मॅडम, धरण जवळच आहे..."

"जवळ आहे की खाली आहे?"

हा प्रश्न अवघड आहे. बरेच पाडे जलाशयाच्या पातळीच्या वर, पठारावर किंवा उतारावर आहेत. पाणी चढवायचं तर पंप हवा, वीज हवी, बिल भरायला ग्रामपंचायतीकडे पैसा हवा. बिल थकलं की योजना बंद. शहापूरसाठी मंजूर झालेली भावली योजना इथे आठवावी. भावली धरण इगतपुरी तालुक्यात, घाटाच्या वर आहे. तिथून पाणी उताराने शहापूरकडे आणायचं, अशी ती कल्पना. भातसा शेजारी असताना नाशिक जिल्ह्यातून पाणी का आणायचं, याचं अर्धं उत्तर उंचीत आहे. शिवाय खडकही आहे. इथला काळा पाषाण पाणी मुरू देत नाही. पडलेला पाऊस ओढ्या-नद्यांतून वाहून जातो आणि उथळ विहिरी मार्चपर्यंत तळ गाठतात. म्हणजे टंचाईची निदान तीन कारणं आजच दिसतात : पाणी शहराला जाणं, पाड्याची उंची आणि खडक, आणि योजना चालवण्यातलं अपयश. तिन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. पण प्रस्तावाने सांगायला हवं की यांतलं कुठलं कारण किती जबाबदार आहे, हे मी कसं ओळखणार. आणि अमुक दिसलं तर माझं गृहीतक चुकलं असं मी मानीन, हेही.

शेवटचं वाक्य सगळ्यात जड जातं. स्थानिक विद्यार्थ्याला तर फारच. त्याचं गाव, त्याची माणसं, त्याने पाहिलेला अन्याय. "तुम्ही तिथलेच आहात, मग तुमच्याविरुद्ध पुरावा मिळाला तर?" या प्रश्नाला 'मी वस्तुनिष्ठ राहीन' हे उत्तर देऊन भागत नाही. उत्तर आराखड्यात असायला हवं. धरणाच्या काठचा पाडा आणि धरणापासून दूरचा, पण त्याच उंचीवरचा, त्याच खडकावरचा पाडा अशा जोड्या लावल्या, तर धरणाचा परिणाम वेगळा काढता येतो. जोडीतल्या दोघांना सारखीच टंचाई असेल, तर मुंबईवरचा आरोप या बाबतीत टिकत नाही. आणि तसं निघालं तर तसंच लिहीन, असं ती तिथे उभी राहून म्हणू शकते. माझ्या मते त्या खोलीतलं ते सर्वांत भारदस्त वाक्य ठरेल.

याचा मोठा नमुना मराठी वाचकांच्या घरात आहे, फक्त तो या दृष्टीने सांगितला जात नाही. इरावती कर्वे मुंबईत गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे एम.ए. करून १९२८मध्ये बर्लिनला गेल्या. तिथे त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशशास्त्रातलं त्या काळचं बडं नाव. पुढे नाझींनी ज्यांच्या मतांचा आधार घेतला तेच. त्यांनी इरावतीबाईंना विषय दिला तो मानवी कवटीच्या असमतेचा. युरोपीय लोकांच्या कवटीची उजवी-डावी बाजू विशिष्ट प्रकारे असमान असते आणि तिचा संबंध श्रेष्ठ बुद्धीशी आहे, असा फिशर यांचा कयास होता. इरावतीबाईंनी वेगवेगळ्या लोकसमूहांच्या कवट्या मोजल्या. असमता सगळीकडेच सापडली, वंशाशी तिचा संबंध सापडला नाही. परक्या देशातल्या पंचविशीच्या आतबाहेरच्या विद्यार्थिनीने आपल्याच मार्गदर्शकाच्या आवडत्या कल्पनेविरुद्ध निष्कर्ष लिहिला आणि पदवी मिळवली. हे शक्य झालं कारण प्रश्न मोजता येईल असा होता. 'युरोपीय श्रेष्ठ का आहेत' असा विषय असता, तर उलट उत्तराला जागाच उरली नसती.

त्या काळी प्रस्तावाची अशी जाहीर झाडाझडती आपल्याकडे नव्हती. मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग पॅट्रिक गेडिस यांनी १९१९मध्ये सुरू केला आणि १९२४पासून घुर्ये त्याचे प्रमुख होते. विद्यार्थ्याला विषय बहुधा घुर्येच देत. कोणाला एखादी जात, कोणाला जमात, कोणाला प्रदेश. कातकऱ्यांवर ए. एन. वेलिंग यांचं पुस्तक १९३४चं आहे. महादेव कोळ्यांवर खुद्द घुर्यांनी लिहिलं. शहापूर-मुरबाडच्या कोणत्याही सामाजिक अभ्यासाला हे दोन ग्रंथ आजही ओलांडून जाता येत नाहीत. पण गुरूने विषय द्यायचा आणि शिष्याने माहितीचा डोंगर उभा करायचा, या पद्धतीची मर्यादा घुर्यांच्याच एका विद्यार्थ्याच्या बाबतीत स्पष्ट दिसली.

म्हैसूरचे एम. एन. श्रीनिवास यांनी कूर्गच्या लोकांवर मुंबईत पीएचडी केली, १९४४मध्ये. प्रबंध दोन खंडांचा, सुमारे ९०० पानांचा. चालीरीती, विवाह, देवदेवता, सणवार, सगळं त्यात होतं. नंतर ते ऑक्सफर्डला गेले. तिथे मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांनी त्यांना नवा प्रदेश शोधायला न लावता त्याच माहितीकडे एक नेमका प्रश्न घेऊन परत पाठवलं : कूर्गांचा धर्म आणि त्यांची समाजरचना यांचा एकमेकांशी काय संबंध आहे? त्याच टिपणांतून १९४७मध्ये दुसरी डॉक्टरेट झाली, आणि १९५२मध्ये जे पुस्तक आलं त्याने भारतीय समाजशास्त्राची दिशा बदलली. 'संस्कृतीकरण' ही आज सर्रास वापरली जाणारी संकल्पना त्याच पुस्तकातून रुळली. माहिती तीच, माणूस तोच. बदलला होता फक्त प्रश्न. आजच्या प्रस्तावात 'संशोधनाची उद्दिष्टे' या मथळ्याखाली विद्यार्थी सात-आठ कलमं भरतात आणि प्रत्येक कलम 'अभ्यास करणे' या क्रियापदाने संपतं. त्यांनी श्रीनिवासांची ही हकीकत एकदा वाचावी.

आपल्या विद्यार्थिनीला समितीतल्या समाजशास्त्राच्या प्राध्यापकाने हाच धक्का दिला, असं समजू. खडक आणि उंची हे भूजलाचं क्षेत्र झालं; त्यावर काम करणारी माणसं आहेत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. आयआयटी मुंबईचं 'सितारा' केंद्र १९८५पासून ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करतं आणि ठाणे-रायगडमधल्या पाणी योजनांचा अभ्यास तिथल्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी केलेला आहे. तुम्ही समाजशास्त्राच्या. तुमचा प्रश्न काय? इथे ती गडबडली तरी बिघडत नाही. खरं तर इथेच काही सापडण्याची शक्यता असते. एकाच महसुली गावात गावठाणाला नळ आणि पाड्याला टँकर, हे तिने लहानपणापासून पाहिलंय. ते का? अंतरामुळे, उंचीमुळे, की ग्रामसभेत पाड्याचं कोणी बोलत नाही म्हणून? पाणीपट्टी कोण भरतं, कोणाची थकते, योजना आखताना कोणाला विचारलं जातं?

आणि मग "मुरबाड का नाही?" हा प्रश्न, जो वरवर त्रास देण्यासाठी विचारल्यासारखा वाटतो, तो फार उपयोगी ठरतो. अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६चा, महाराष्ट्राचे त्याखालचे नियम २०१४चे. या नियमांत पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित होण्याची आणि स्वतःची ग्रामसभा भरवण्याची वाट आहे. मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, काही येत नाही. डोंगर तोच, पाऊस तोच, समाज पुष्कळसा तोच. कायद्याची रेषा मधून गेलेली. रेषेच्या अलीकडचे आणि पलीकडचे पाडे शेजारी ठेवून पाहिले, तर स्वतःची ग्रामसभा असण्याने पाण्याच्या बाबतीत काही फरक पडतो का, हे तपासता येतं. असा तयार तुलनेचा प्रदेश संशोधकाला सहसा मिळत नाही. शहापूरपुरतं मर्यादित शीर्षक ठेवून तो सोडून देणं म्हणजे हातचं घालवणं.

पद्धतीचे प्रश्न एवढ्यावर थांबत नाहीत. तिच्या वेळापत्रकात सर्वेक्षण एप्रिल-मे महिन्यांत आहे, कारण टंचाई तेव्हा सर्वांत तीव्र. बरोबर वाटतं. पण कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. उन्हाळ्यात वाडीवर गेलेल्या सर्वेक्षकाला बंद झोपड्या आणि दोन-चार म्हातारी माणसं भेटतील. ज्यांचं जिणं सर्वांत हलाखीचं तीच कुटुंबं तक्त्यातून गळतील, आणि निष्कर्ष निघेल की कातकरी वाडीची पाण्याची गरज कमी आहे. यावर उपाय एकच : एक फेरी पावसाळ्यात वाडीवर, एक फेरी उन्हाळ्यात भट्टीवर. खर्च आणि वेळ वाढेल, नमुना लहान करावा लागेल. लहान नमुन्याला समितीची हरकत नसते. निवडीमागे कारण नसलं की हरकत येते.

मुलाखती कोणाच्या, हाही प्रश्न असतो. पाणी बाया भरतात आणि प्रश्नावली पुरुषांकडून भरून घेतली जाते, हे कितीतरी अहवालांत दिसतं. ठाकरी आणि कातकरी बोली येणारं कोणी सोबत असणार का? संमती तोंडी घेणार की अंगठा उमटवून? अंगठा म्हटलं की माणसं धास्तावतात, कारण त्यांच्या अनुभवात अंगठा दिला म्हणजे काहीतरी गेलं. आश्रमशाळेतल्या मुलींशी बोलायचं असेल, तर शहापूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाची परवानगी लागेल, आणि ती मिळायला किती काळ जाईल हे वेळापत्रकात धरलंय का? पाड्याच्या ग्रामसभेला आधी सांगणार का, आणि निष्कर्ष परत तिथे वाचून दाखवणार का? या शेवटच्या प्रश्नावर मी आग्रही आहे. ज्यांच्या तहानेवर आपली पदवी उभी राहते त्यांना काय सापडलं हे त्यांच्या बोलीत सांगणं संशोधनाचाच भाग आहे, आणि प्रस्तावात त्यासाठी एक ओळ आणि वेळापत्रकात एक महिना असलाच पाहिजे.

प्रत्यक्ष सादरीकरणाबद्दल थोडं. स्लाइडवर परिच्छेद चिकटवून ते वाचून दाखवू नयेत. समितीपुढे कागद असतातच. पहिल्या दोन मिनिटांत प्रश्न सांगावा, पार्श्वभूमीत दहा मिनिटं घालवू नयेत. पाणी हे जीवन आहे, भारत कृषिप्रधान देश आहे, असली सुरुवात सरळ वगळावी. तालुक्याचा नकाशा, त्यावर धरणं, पेसाची हद्द आणि निवडलेले पाडे, एवढी एक स्लाइड दहा स्लाइडचं काम करते. पूर्वसंशोधनाचा आढावा म्हणजे 'अमुक यांनी तमुक साली असे म्हटले' अशी पानभर माळ नव्हे. कोणी कुठपर्यंत आणलं आणि मी कुठून पुढे जाणार, हे त्यातून दिसलं पाहिजे. इंग्रजीत अडखळत बोलण्यापेक्षा मराठीत नीट बोललेलं बरं. महाराष्ट्रातल्या अनेक विद्यापीठांत सामाजिक शास्त्रांचे प्रबंध मराठीत लिहिले जातात. आसनगावहून लोकल पकडून कलिनाला येणाऱ्या किंवा मुरबाडहून एसटीने कल्याण गाठून पुढे येणाऱ्या मुलांना भाषेची भीती विनाकारण घालू नये.

प्रश्न आले की ते वहीत टिपून घ्यावेत. दडपण असतं, नंतर काही आठवत नाही. माहीत नसेल तर 'हे मी पाहिलेलं नाही, पाहून सांगते' म्हणावं. त्याने गुण जात नाहीत. उलट, न वाचलेल्या पुस्तकाबद्दल बोलू लागलं की सगळंच जातं. गाईड बहुतेक वेळा गप्प बसलेले असतात. ते समितीचे निमंत्रक असले तरी त्या दिवशी उत्तर विद्यार्थ्यानेच द्यायचं असतं. विद्यार्थ्याऐवजी गाईड बोलू लागले, की समितीला प्रस्ताव कोणाचा आहे अशी शंका येते.

पण प्रत्येक सूचना मान्य करायची असं मुळीच नाही. काही प्रश्न असे असतात की ते मानले तर मूळ प्रश्नच मरतो. तिथे उभं राहावं लागतं, आणि कारण देऊन. बाबासाहेब आंबेडकरांचं उदाहरण यासाठी फार मोलाचं आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांचे मार्गदर्शक होते एडविन कॅनन. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध पहिल्यांदा सादर झाला तेव्हा परीक्षकांनी तो फेरबदलासाठी परत दिला. बाबासाहेबांनी मांडणीत फेर केला, निष्कर्ष कायम ठेवले. केन्स यांच्यासारख्या नामवंत अर्थशास्त्रज्ञाने ज्या सुवर्ण विनिमय पद्धतीची बाजू घेतली होती, तिच्याविरुद्ध बाबासाहेब उभे होते आणि उभेच राहिले. १९२३मध्ये त्यांना डी.एससी. मिळाली, पुस्तकही निघालं. त्याला प्रस्तावना कॅनन यांनीच लिहिली, आणि अनेक मुद्द्यांशी आपण सहमत नाही हे तीत उघडपणे नोंदवूनही लेखनातल्या ताजेपणाचं कौतुक केलं. मार्गदर्शकाला पटत नाही आणि तरीही तो प्रबंधामागे उभा राहतो, कारण युक्तिवाद पुराव्यावर बांधलेला आहे. आपल्या विद्यापीठांत हे नातं अजून दुर्मीळ आहे. गाईडच्या मताविरुद्ध जाणं हा उद्धटपणा समजला जातो, आणि मग प्रस्तावात गाईडच्या जुन्या लेखांचीच री ओढली जाते. याचा तोटा गाईडनाही होतो, कारण त्यांना नवं काही शिकायला मिळत नाही.

बैठकीचा निकाल साधारण तीन प्रकारचा असतो. प्रस्ताव आहे तसा मंजूर, दुरुस्त्यांसह मंजूर किंवा पुन्हा सादर करा. पहिला प्रकार क्वचित. दुसरा मिळाला की विद्यार्थी हिरमुसतात, पण तो चांगला निकाल आहे. कोणीतरी कागद खरोखर वाचल्याची ती खूण आहे. आपल्या मुलीला दुरुस्त्या मिळाल्या असतील, तर नवं शीर्षक काहीसं असं होईल : 'शहापूर व मुरबाड तालुक्यांतील पाड्यांना मिळणारे पिण्याचे पाणी आणि ग्रामसभेतील सहभाग : अनुसूचित व बिगर-अनुसूचित क्षेत्रांची तुलना'. लांबलचक आहे, देखणं नाही. पण कुठे, काय, कशाशी जोडून आणि कशाशी तुलना करून, हे चारही त्यात आलं. मुंबई आणि भातसा शीर्षकात नसले तरी पहिल्या प्रकरणात राहतील.

मंजुरीनंतर दर सहामाहीला याच समितीपुढे प्रगती मांडायची असते. पहिल्या उन्हाळ्यानंतर बरंच काही बदलतं. निवडलेल्या जोडीतल्या एका पाड्यावर अचानक जलजीवन मिशनची टाकी उभी राहते, माणशी ५५ लिटर रोज असं उद्दिष्ट तिच्यावर रंगवलेलं असतं, आणि पाणी आलेलं असतं किंवा नसतं. तुलना बिघडते, पाडा बदलावा लागतो. तसा बदल समितीला कारणासह कळवायचा, तिची लेखी मान्यता घ्यायची आणि प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात मूळ आराखडा काय होता, तो कधी आणि कशामुळे बदलला, हे तारखांसह लिहायचं.